आधी पेपर की आधी पेटंट?

(भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे, फक्त अडखळणं आणि मधला चहा काढून टाकला आहे.)

मागच्या भागात आपण ट्रेडमार्कबद्दल बोललो, तेव्हा शेवटी मी म्हटलं होतं की पुढे कधीतरी कॉलेज आणि विद्यापीठातल्या संशोधनावर बोलू. ते 'कधीतरी' लवकर आलं, कारण एका मुलाचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने तीन ओळी लिहिल्यात. 'मॅडम, आमच्या प्रोजेक्टचं पेटंट करायचंय. सर म्हणतात कॉलेजच्या नावाने होईल. मागच्या महिन्यात कॉन्फरन्सला पेपर वाचून झालाय, काही अडचण नाही ना?'

आता या तीन ओळींत तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यातला शेवटचा, जो त्याने जाता जाता विचारलाय, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. हे मला कसं कळलं, ते आधी सांगते. पुस्तकातून नाही कळलं.

मी पेटंट एजंट व्हायच्या आधी सहा वर्षं एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवत होते. कॉलेजचं नाव घेत नाही. २०१२ साली माझ्याकडे चार मुलांचा एक ग्रुप होता. त्यातल्या एकाची आई गावात बचत गट चालवायची, आवळ्याची कँडी आणि आवळा सुपारी करायचा. कच्च्या आवळ्यातली बी काढणं हे किती वैतागाचं काम आहे ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. सुरी घसरते, बोटं कापतात, आणि तुरट रसाने हात काळे पडतात ते वेगळंच. या पोरांनी एक हातयंत्र केलं. दांडा खाली ओढला की मधला खिळा बी खाली ढकलतो आणि त्याच दाबात सहा पात्यांचं कडं आवळ्याच्या सहा फोडी करतं. आवळ्यावर बघा, सहा शिरा असतात उभ्या. पाती बरोबर त्या शिरांवर यावीत म्हणून खाली एक छोटी वाटी केली होती, जरा फिरवली की आवळा आपोआप जागेवर बसायचा. ती वाटी हीच खरी युक्ती होती. बाकीचं तसं साधंच.

मुलं खूष, मी खूष. राज्यस्तरीय प्रोजेक्ट स्पर्धेत दुसरा नंबर आला. स्मरणिकेत अर्ध्या पानाचा सारांश छापून आला, फोटोसकट. आणि एका मुलाने अडीच मिनिटांचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला. त्यात ती वाटी जवळून दाखवली होती, ती कशी फिरते तेसुद्धा. मीच म्हटलं होतं त्याला, जवळून घे, नीट दिसू दे!

त्यानंतर आठ महिन्यांनी कुणाच्या तरी डोक्यात आलं की याचं पेटंट करू. अर्ज झाला. त्या काळी तपासणीला फार वेळ लागायचा. पाच वर्षांनी पहिला तपासणी अहवाल आला, ज्याला आमच्या धंद्यात एफईआर म्हणतात. त्यात पहिलाच आक्षेप होता, 'नावीन्य नाही'. आणि पुरावा म्हणून काय जोडलं होतं? आमचाच व्हिडिओ. त्याच्या खाली अपलोडची तारीख. परीक्षकाने कुठलं जर्मन पेटंट शोधून काढलं नव्हतं, जपानी मशीन दाखवलं नव्हतं. आमच्याच मुलाच्या आवाजात 'आता बघा, बी कशी खाली पडते' असं ऐकू येत होतं त्यात.

तर मंडळी, नियम असा आहे. पेटंट मिळायला शोध नवा लागतो, आणि नवा म्हणजे अर्जाच्या तारखेपर्यंत जगात कुठेही, कुणीही, लोकांसमोर न आणलेला. 'कुणीही' मध्ये तुम्ही स्वतःसुद्धा आलात. हे लोकांच्या पचनी पडत नाही. 'अहो पण आमचंच आहे ना ते!' हो, तुमचंच आहे. पण तुम्ही ते जगाला देऊन टाकलंत. पेटंट हा सौदा असतो. सरकार म्हणतं, तू तुझं गुपित सगळ्यांना लिहून दे, मी तुला २० वर्षं ते वापरण्यापासून इतरांना अडवायचा हक्क देते. तुम्ही गुपित आधीच फुकट वाटलं असेल तर सरकारने तुम्हाला बदल्यात काही का द्यावं?

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे. ती नीट ऐका, कारण हिच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर भलतंच काहीतरी फिरत असतं. शोधकाने स्वतः एखाद्या विद्वत्सभेपुढे निबंध वाचला असेल, किंवा त्याच्या संमतीने त्या सभेच्या कार्यवृत्तात तो छापला असेल, तर त्यानंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास ते वाचन आड येत नाही. प्रदर्शनाचंही तसंच आहे, पण ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं हवं. आमची प्रोजेक्ट स्पर्धा अर्थातच तशी नव्हती. आणि यूट्यूब म्हणजे विद्वत्सभा, असं म्हणायला मीसुद्धा धजावले नाही. ही सवलत भारतापुरती. युरोपात अर्ज करायचा असेल तर तुमचा कॉन्फरन्सचा पेपर तुम्हालाच आडवा येणार.

आता कुणी म्हणेल, छोट्या गावातलं कॉलेज, त्यांना काय कळणार. तर मोठ्यांची गोष्ट सांगते. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. तिथले स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले हर्बर्ट बॉयर. या दोघांनी १९७३ साली एका जिवाचा डीएनएचा तुकडा कापून जिवाणूमध्ये घालायची आणि जिवाणूकडून त्याच्या प्रती करून घ्यायची पद्धत काढली. आज डायबेटिसवाल्यांना जे मानवी इन्सुलिन मिळतं ते जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून करून घेतलेलं असतं, त्याचं मूळ इथे आहे. सगळा जैवतंत्रज्ञानाचा धंदा यावर उभा राहिला म्हटलं तरी चालेल. आणि या लोकांनी काय केलं? आपल्यासारखंच केलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेपर छापला आणि पुढच्या प्रयोगाला लागले.

स्टॅनफर्डमध्ये नील्स रायमर्स नावाचे गृहस्थ होते. विद्यापीठातले शोध कंपन्यांना वापरायला द्यायचं ऑफिस त्यांनीच सुरू केलं होतं. त्यांना या शोधाची बातमी कुठून लागली? विद्यापीठातून नाही. मे १९७४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली ती वाचून! म्हणजे आपल्याच आवारातला शोध पेपरात वाचून कळला. मला हे वाचलं तेव्हा जरा बरंच वाटलं होतं, खरं सांगते. ते धावत कोहेनकडे गेले. कोहेनना आधी ते पटेना. त्यांचं म्हणणं असं की यामागे कितीतरी लोकांचं कितीतरी वर्षांचं काम आहे, मी एकट्याने याच्यावर हक्क कसा सांगू? हा प्रश्न चुकीचा नाही, त्याच्याकडे पुन्हा येऊ. शेवटी कोहेन तयार झाले. अमेरिकेच्या कायद्यात स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सूट होती. अर्ज दाखल झाला ४ नोव्हेंबर १९७४ ला, वर्ष भरायला साधारण आठवडा राहिला असताना. अमेरिकेतलं पेटंट वाचलं. पण इतर देशांत अशी सूट नव्हती, त्यामुळे अमेरिकेबाहेरचे हक्क गेले ते गेलेच.

उरलेल्या एका देशातल्या हक्कावर काय झालं बघा. पहिलं पेटंट २ डिसेंबर १९८० ला मिळालं. रायमर्सनी फार शहाणपणा केला, पेटंट एकाच कंपनीला विकलं नाही. कुणीही यावं, १०,००० डॉलर भरावेत, दर वर्षी किमान १०,००० द्यावेत, आणि उत्पादन विकलं की त्यावर थोडी टक्केवारी. दर इतका सोसवण्याजोगा ठेवला की कोर्टात भांडण्यापेक्षा पैसे भरणं स्वस्त पडावं. १५ डिसेंबर १९८१ च्या आत या, सवलत मिळेल, असं जाहीर केलं, तर त्या तारखेपर्यंत ७३ कंपन्यांनी सह्या केल्या. १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत ४६८ कंपन्या आणि दोन विद्यापीठांना मिळून साधारण २५.५ कोटी डॉलर. एका आठवड्याने चुकलं असतं तर शून्य.

माझ्या आवळ्याच्या यंत्राची याच्याशी तुलना करत नाहीये हां. पण चूक एकच आहे.

बरं, हाच नियम दुसऱ्या बाजूनेही बघा, म्हणजे त्याचा राग येणार नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. कशाचं? जखमेवर हळद लावण्याचं. शोधक दोघंही भारतीय वंशाचे. आपल्याकडे जखम झाली की आई पहिल्यांदा हळदीचा डबा शोधते, आणि इथे त्यावर पेटंट! तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सीएसआयआरने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणी मागितली. 'आमची आजी लावायची' हे तिथे चालत नाही, छापील पुरावा लागतो. ३२ संदर्भ जमवले, काही शंभर वर्षांहून जुने, संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले, आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक निबंध. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. लोक हे 'हळदीघाटीची लढाई' म्हणून सांगतात, सांगू द्या. पण कायद्याच्या दृष्टीने तिथे जिंकला तो अगदी कोरडा मुद्दा होता. हे आधीच छापून आलेलं आहे. आमच्या यंत्राचं ज्या नियमाने गेलं, त्याच नियमाने हळद वाचली. तो नियम मला तेव्हापासून आवडायला लागला, अगदी नाइलाजाने का होईना.

आता त्या मुलाचा दुसरा प्रश्न. पेटंट कुणाचं, कॉलेजचं की आमचं?

आपल्याकडे साठेखत आणि खरेदीखत यातला फरक घर घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. साठेखत म्हणजे 'मी तुला हे घर विकीन' असा करार. खरेदीखत म्हणजे 'विकलं'. साठेखत हातात असलं तरी घर अजून त्याचंच असतं. बरोबर? आता हाच फरक एका जगप्रसिद्ध विद्यापीठाला एचआयव्हीच्या चाचणीवरच्या हक्काला पडला, ते ऐका.

पुन्हा स्टॅनफर्डच. १९८८ साली मार्क होलोडनी नावाचे तरुण संशोधक तिथे रुजू झाले. रुजू होताना विद्यापीठाच्या कागदावर सही केली. त्यात होतं की माझ्या शोधांचे हक्क विद्यापीठाला देण्याचं 'मी मान्य करतो'. साठेखत. मग विद्यापीठानेच त्यांना सीटस नावाच्या कंपनीत पाठवलं, पीसीआर तंत्र शिकायला. हो, तेच पीसीआर, जे आपल्याला कोविडमध्ये पाठ झालं. कंपनीच्या दारात त्यांच्यापुढे एक कागद ठेवला, पाहुण्यांसाठीचा गुप्ततेचा करार. त्यात वाक्य होतं की इथे येण्यातून जे शोध लागतील त्यांचे हक्क मी कंपनीला देईन 'आणि याद्वारे देत आहे'. खरेदीखत! गड्याने सही केली. कोण वाचतं हो असले कागद? आपण तरी वाचतो का?

काही महिने तिथे काम करून ते परत आले, रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजायची पद्धत स्टॅनफर्डमध्ये पूर्ण झाली, विद्यापीठाने पेटंटं घेतली. दरम्यान १९९१ मध्ये सीटसचा पीसीआरचा धंदा रोश कंपनीने विकत घेतला आणि चाचणी बाजारात आणली. २००५ मध्ये स्टॅनफर्डने दावा लावला. रोश म्हणाली, कसला दावा, होलोडनींचे हक्क आमच्याकडे आहेत.

स्टॅनफर्डला वाटत होतं की आपल्या बाजूने बाय-डोल कायदा आहे. हा १९८० चा अमेरिकन कायदा. त्याआधी सरकारी पैशातून झालेल्या शोधांवर बहुतेक वेळा सरकारच मालक असायचं, आणि ती पेटंटं फायलीत पडून राहायची. या कायद्याने विद्यापीठांना सांगितलं, हक्क तुम्ही ठेवा, कंपन्यांना द्या, आणि शोधकाला त्यात वाटा द्या. स्टॅनफर्डचं म्हणणं, संशोधनाला सरकारी पैसा होता, म्हणजे हक्क आपोआप आमचे. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की नाही, आपोआप काही होत नाही. शोध मुळात माणसाचा. त्याने लेखी दिला तरच दुसऱ्याचा. खालच्या न्यायालयाने 'देण्याचं मान्य करतो' आणि 'याद्वारे देत आहे' यातला जो फरक केला होता, तो तसाच राहिला. विद्यापीठ हरलं.

आपल्याकडेही पेटंट कायद्यात अर्ज करायचा हक्क पहिल्यांदा 'खऱ्या आणि प्रथम' शोधकाला आहे, किंवा त्याने ज्याला हक्क दिलेत त्याला. आणि हक्क देणं लेखीच लागतं. प्राध्यापकांच्या नेमणुकीच्या करारात किंवा विद्यापीठाच्या धोरणात हे बहुतेक आलेलं असतं. पण विद्यार्थी? तो नोकर नाही. उलट तो फी भरतो. त्याने कुठे सही केलेली नसेल तर त्याचा शोध त्याचा. म्हणून माझ्या मेसेजवाल्या मित्राला पहिला प्रश्न हाच की बाबा, प्रवेशाच्या वेळी किंवा प्रोजेक्टच्या वेळी कशा-कशावर सह्या केल्यास ते काढून बघ. कॉलेजच्या नावाने करणं वाईट असतं असं मी म्हणत नाही. कॉलेज फी भरेल, लॅब त्यांची आहे, सरांनी मदत केलेली असते. पण उद्या कुणी यंत्र बनवायला घेतलं तर येणाऱ्या पैशात चौघांचा वाटा किती, हे आत्ताच लिहून घ्या. नंतर कुणी देत नाही.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. अर्जावर नावं कुणाची?

आमच्या त्या अर्जावर सात नावं होती. चार मुलं, मी, विभागप्रमुख आणि प्राचार्य. प्राचार्यांनी ते यंत्र स्पर्धेचं बक्षीस आलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. मी काही बोलले नाही. नोकरी होती, हप्ते होते. तेव्हा मला वाटायचं की पेपरवर नाव असतं तसंच हे, कुणाचं काय जातं. पण पेपरचा लेखक आणि पेटंटचा शोधक ही वेगळी जात आहे. शोधक म्हणजे ज्याच्या डोक्यातून ती युक्ती निघाली तो. ज्याने सांगितलेलं वेल्डिंग केलं तो नव्हे, ज्याने मोजमापं घेतली तो नव्हे, आणि ज्याच्या खुर्चीमुळे सही लागते तो तर नव्हेच. कोहेन आणि बॉयर यांच्या पेपरवर आणखी नावं होती, पेटंटवर मात्र दोनच. त्यावरून वाद झाला. सहलेखकांपैकी रॉबर्ट हेलिंग आणि पुढच्या पेपरमधले जॉन मॉरो यांनी 'आम्ही शोधक नाही' असं लिहून द्यायला नकार दिला, आणि त्याने पेटंटचं प्रकरण बराच काळ अडचणीत आलं. म्हणजे नाव गाळण्यात धोका असतो तसा घुसवण्यातही असतो. खोटं नाव घातलं तर पुढे पेटंटला आव्हान द्यायला ते आयतं कारण होतं.

आजकाल हे फार झालंय. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात, क्रमवारीत पेटंट मोजतात, प्राध्यापकांना गुण मिळतात. मग काय, एका अर्जावर आठ-दहा नावं, वेगवेगळ्या राज्यांतली, एकमेकांना न भेटलेली. मला स्वतःला फोन आलेत, 'मॅडम, तयार पेटंटमध्ये एक नाव टाकायचं काय घ्याल?' मी फोन ठेवते. आणि मग महिन्याभरात स्थानिक पेपरात बातमी, 'अमुक प्राध्यापकांना पेटंट'. फोटो, पुष्पगुच्छ. आत वाचलं तर कळतं की पेटंट 'प्रकाशित' झालंय. मंडळी, अर्ज केला की १८ महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो. जादा फी भरून आधीही करून घेता येतो. प्रकाशित म्हणजे फक्त अर्ज लोकांना बघायला खुला झाला. तपासणी व्हायची असते, आक्षेप यायचे असतात. लग्नाची पत्रिका छापली म्हणजे लग्न लागलं असं नाही! उलट, अर्ज अर्धवट लिहिलेला असेल आणि घाईने प्रकाशित केला असेल तर पुढच्या सुधारित अर्जाला तोच आडवा येतो. पुष्पगुच्छ घेतलेल्यांना हे कुणी सांगत नाही.

मग कोहेनचा तो प्रश्न. विद्येवर मालकी सांगावी का? विद्यापीठ तर ज्ञान वाटायला असतं. मला यावर ठाम उत्तर देता येत नाही, पण इन्सुलिनची गोष्ट मला नेहमी आठवते. टोरांटो विद्यापीठात बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी काम केलं. बँटिंगना सुरुवातीला अर्जावर नावच नको होतं, डॉक्टरच्या शपथेत ते बसत नाही म्हणून. शेवटी १९२३ च्या अमेरिकन पेटंटवर तिघांची नावं आली, आणि तिघांनी हक्क विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिले. पण दिले! सोडून नाही दिले. कारण त्यांनी पेटंट घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी थोडा फेरफार करून घेतलं असतं आणि सगळ्यांना अडवलं असतं. शिवाय पेटंट हातात असल्यामुळे विद्यापीठाला म्हणता आलं की बनवायचं तर या दर्जाचं बनवा. पुढे शंभर वर्षांत इन्सुलिनच्या किमतीचं काय झालं तो वेगळाच विषय, त्यात आत्ता शिरत नाही. पण पेटंट घेणं आणि लोकांना लुटणं या दोन गोष्टी एक नाहीत, एवढं यातून दिसतं. कुलूप लावलं तरच किल्ली कुणाला द्यायची ते ठरवता येतं.

आता त्या मुलासाठी थोडं कामाचं. पेपर वाचून एक महिना झालाय म्हणतोस. पहिलं, तो पेपर कुठे आणि कसा प्रसिद्ध झालाय ते बघ. खरोखर विद्वत्सभेची कॉन्फरन्स असेल तर कलम ३१ खाली तुझ्याकडे अकरा महिने आहेत, आणि २०२४ च्या नियमांपासून त्यासाठी वेगळा फॉर्म ३१ आहे. पण अकरा महिने थांबू नकोस. याच आठवड्यात प्रोव्हिजनल अर्ज टाक. त्यात दावे लिहावे लागत नाहीत, पण शोध मात्र नीट वर्णन करावा लागतो. आमचे लोक एक पान खरडून देतात, तसं नको. वाटी कशी फिरते तेसुद्धा आलं पाहिजे त्यात! तिथून पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. शैक्षणिक संस्थांनाही २०२१ पासून हाच कमी दर लागतो, त्याआधी त्यांना मोठ्या कंपनीइतके ८,००० भरावे लागत. तपासणीची विनंती वेगळी, तिला ४,०००, आणि ती आता ३१ महिन्यांच्या आत करायची, पूर्वी ४८ होते. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण. ते भरायला विसरलं की पेटंट मेलं. कॉलेजच्या नावाने असेल तर ते कोण भरणार, हे विचारून ठेव. सर बदलून गेले की फाईल कपाटात जाते.

पीएचडीवाल्यांसाठीही एक सांगते. प्रबंध शोधगंगावर चढतो, ग्रंथालयात लागतो, तेही प्रकाशनच. अर्ज आधी करा, किंवा विद्यापीठाकडे काही काळ प्रबंध खुला न करण्याची लेखी विनंती करा. आणि व्हायव्हाला बाहेरच्यांना बसू देत असतील तर त्या दिवसाच्या आधी अर्ज झालेला असू दे. गाईड म्हणतील पेपर आधी, बढती अडलीय. त्यांना सांगा, अर्जाची पावती ज्या दिवशी हातात येते त्याच दिवशी संध्याकाळी पेपर पाठवू. एक दिवसाचा प्रश्न आहे.

आमचं काय झालं विचाराल. एफईआरला उत्तर द्यायची मुदत होती. तोवर मी कॉलेज सोडलं होतं, पेटंट एजंटची परीक्षा दिली होती. मी अहवाल वाचला आणि मुलांना फोन केला. म्हटलं, लढण्यासारखं काही नाही, अर्ज सोडून द्या. ज्याच्या आईचा बचत गट होता तो एवढंच म्हणाला, 'मॅडम, व्हिडिओ काढून टाकू का?' म्हटलं, आता काढून काय उपयोग. आणि राहू दे, त्याला बरेच व्ह्यूज आहेत.

त्याचं आता छोटं वर्कशॉप आहे. वर्षाला थोडी यंत्रं करून विकतो, बहुतेक बचत गटांनाच. त्याच्यासारखी यंत्रं आणखी दोघंतिघं बनवतात, एक तर त्याच्यापेक्षा स्वस्त विकतो. वाटी मात्र त्याला जमत नाही म्हणे, आवळा तिरका बसतो. गेल्या हिवाळ्यात त्याने मला एक पाठवलं, नवीन, स्टीलचं. वाटीत आता खाली स्प्रिंग घातलीय, लहानमोठा आवळा असला तरी बसतो. मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, ही स्प्रिंग कुणाला दाखवलीस?

'अजून नाही,' म्हणाला.

म्हटलं, कॅमेरा बंद ठेव. शनिवारी येते.

तर मंडळी, त्या अर्जाचं पुढे काय होतंय ते मी आज सांगणार नाही, कारण आपणही कुठेतरी रेकॉर्डच होतोय. पुढच्या भागात कॉपीराइट, आणि विशेषतः शाळेच्या स्नेहसंमेलनात लावलेली गाणी. नमस्कार.